पडणाऱ्यांचा मास्तर

ईश्वर मास्तरला सगळी गेवराई अहोजाहो करायची. तोंडावर मीही करायचे. लिहिताना मात्र करणार नाही. लिहिताना तरी माणसानं आपल्या मनाचं ऐकावं.

त्याच्या साठीला चौकात फ्लेक्स लागला होता. 'मराठवाड्याची शान, फाईटचे बादशहा' असं वर लिहिलेलं, मध्ये काळा गॉगल लावलेला तो, आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत माझ्या धाकट्या भावाचा, मिलिंदचा फोटो. मिलिंद त्यात हसत होता. माझं लेडीज टेलरिंगचं दुकान बरोबर समोर, त्यामुळे तो फ्लेक्स फाटेपर्यंत मला बघावा लागला. वाऱ्यानं तो फाटला तेव्हा मला बरं वाटलं.

त्याचं खरं नाव उत्तरेश्वर. गाव तेलगावकडचं. तरुणपणी घरातून पळून मुंबईला गेला, तिथं मोठमोठ्या हिरोंच्या पिक्चरमध्ये 'फायटर' म्हणून काम केलं आणि परत येऊन इकडं स्वतःचे पिक्चर काढायला लागला, असं तो सांगायचा. मुंबईतला कुठला पिक्चर, असं विचारलं की म्हणायचा, "हाय की, पण त्यात माझी पाठ हाय." पाठ ओळखणार कोण, म्हणून ती गोष्ट कधी खोटीही ठरली नाही.

त्याचे पिक्चर म्हणजे तासाभराचे मारामारीचे सिनेमे. मोबाईलवर चालायचे, जत्रेत पडद्यावर दाखवायचे. गोष्ट प्रत्येकात तीच. गावावर अन्याय, हिरोच्या बहिणीची छेड, हिरोच्या जिवलग मित्राचा मध्यंतराच्या आधी खून, मग हिरो एकटा निघतो आणि शेवटाला मागं टायर पेटलेलं असताना वळून न बघता चालत येतो. एकदा त्या टायरच्या ठिणगीनं कुणाची तरी कडब्याची गंजी पेटली. सगळे ओरडत पळाले, तरी त्यानं हिरोला वळू दिलं नाही. हिरो वळला की संपला, म्हणे. मालकानं गंजी विझवली ती एकट्यानं.

पहिल्यांदा तो दुकानात आला तेव्हा दारातूनच "जय भीम, ताई" म्हणाला. शेजारच्या किराणा दुकानात शिरताना हाच माणूस "राम राम" म्हणालेला मी ऐकला होता, आणि त्याच्या पलीकडं सलीम शेखच्या गॅरेजवर "सलाम वालेकुम". तीन नमस्कार येत होते त्याला. त्यातला एकही त्याचा स्वतःचा नव्हता.

त्याला गुंडांचे शर्ट शिवून हवे होते. नेहमीचे नाहीत, कच्च्या टाक्याचे. हिरोनं गळपट्टी धरून ओढली की बाही खांद्यापासून सुटून हातात आली पाहिजे. मी टाके घातले, त्यानं ओढून बघितलं, शर्ट टर्रकन फाटला आणि तो लहान पोरासारखा खूश झाला. मी विचारलं, हिरोचा शर्टही असाच शिवायचा का. त्याला माझी कीव आली असावी. हिरोच्या शर्टाचं फक्त वरचं बटण तुटतं, तेही छाती दिसावी म्हणून, एवढं त्यानं मला समजावून सांगितलं. कावून, असं मी विचारलं तर म्हणाला, "कावून म्हणजे? हिरो हाय तो."

या सगळ्याला तो 'शास्त्र' म्हणायचा. त्याच्या तोंडात कायम हेच. गुंडांनी एकेकानंच यायचं, बाकीच्यांनी मुठी आवळून भोवती फिरत राहायचं. ज्याचा नंबर आला त्यानं आधी ओरडायचं आणि मग धावायचं, म्हणजे हिरोला कळतं. मार खाल्लेल्यानं पुन्हा उठायचं नाही. हिरोच्या पिस्तुलातल्या गोळ्या संपत नाहीत आणि व्हिलनच्या नेमक्या शेवटाला संपतात. चहा यायला उशीर झाला तरी तो "स्लो मोशनमधी निघालाय का चहा?" म्हणायचा आणि सगळे हसायचे. मीही हसले असेन. त्याचं सगळ्यात लाडकं वाक्य होतं, "फाईट म्हणजे लग्न हाय. नवरदेव एकच, वऱ्हाड लई."

नवरदेव ठरलेला होता. भैया. त्याच्या वडिलांची मंगल कार्यालयं होती, पैसा त्यांचा, जीप त्यांची, कॅमेराही त्यांचाच. भैया काही वाईट मुलगा नव्हता. त्याला फक्त आपण चालताना कसे दिसतो एवढंच बघायचं असायचं. आणि वऱ्हाड म्हणजे पडणारी पोरं. ती सगळी आमच्या वस्तीतली आणि सलीमच्या मोहल्ल्यातली, खुद्द सलीम धरून.

हे मी एकदा मास्तरला तोंडावर विचारलं. हातात त्याचेच शर्ट होते. तो म्हणाला, "ताई, यात जातपात न्हाई बघा. हे तोंडावर असतं. काही तोंडं मारायची असतात, काही पडायची."

"मग तुमचं तोंड कुठलं?" मी म्हटलं.

त्यानं नाकावरचा गॉगल नीट केला आणि शर्ट मोजायला लागला.

मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर शूटिंग होतं, तेव्हाची गोष्ट सांगते. शर्ट जागेवर उसवले तर शिवायला म्हणून मी सुईदोरा घेऊन गेले होते. भैया मध्ये, भोवती दहा-बारा पोरं फिरतायत, एकेक येऊन पडतोय. बाजूच्या खाटेवर एक ट्रकवाला भाकरी खात बसला होता. कुठल्या गावचा होता कोण जाणे. बराच वेळ त्यानं बघितलं. मग घास खाली ठेवून उठला आणि फिरणाऱ्या पोरांना म्हणाला, "अरे, एकच तर हाय तो. सगळे मिळून मारा की बे." पोरं थांबली. एकमेकांकडं बघायला लागली. सलीम तर खाली पडल्यापडल्या हसायला लागला, आणि मेलेला माणूस हसतो म्हणून शॉट वाया गेला. मास्तर त्या ट्रकवाल्याच्या अंगावर धावून गेला. मी त्याला एवढं चिडलेलं आधी कधी बघितलं नव्हतं. ज्याला शास्त्रातलं कळत नाही त्यानं तोंड घालू नये, असं तो परत परत म्हणत होता. ट्रकवाला शांतपणे बसला आणि त्यानं आणखी एक भाकरी मागवली.

आता मिलिंदचं सांगते. तो दिवसा मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला होता. अंगानं सडपातळ, पण पडण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. जीपच्या बॉनेटवरून, पायऱ्यांवरून, टेबलावरून, कुठूनही पडायचा आणि मास्तरनं "मेलेले, उठा" म्हटलं की कपडे झटकून उठायचा. हे मास्तरचं ठरलेलं होतं. शॉट संपला तरी पडलेल्यानं हलायचं नाही, कारण भैयाचं चालणं परत घ्यावं लागलं तर मागं प्रेतं जागच्या जागी पाहिजेत. "मेलेले, उठा" ही हाक आली की मगच उठायचं. आमच्या वस्तीतली लहान पोरंसुद्धा खेळताना तसंच करायची, हाक मारेपर्यंत धुळीत पडून राहायची. मला ते बघवायचं नाही.

पण मिलिंदला पडण्यासाठी मास्तर नको होता. त्याला एक बुक्की हवी होती. त्या शास्त्रात हिरोला एकदाच मार बसतो. शेवटच्या मारामारीच्या आधी कुणीतरी त्याच्या तोंडावर एक बुक्की मारतो, हिरोच्या ओठातून रक्त येतं, तो ते अंगठ्यानं पुसतो, अंगठ्याकडं बघतो आणि हसतो. त्यानंतर हिरो सगळ्यांना झोडपतो. पण ती एक बुक्की मारणारा जो असतो, त्याचा चेहरा पूर्ण पडदाभर दिसतो. मिलिंदला तेवढंच पाहिजे होतं. इतकी वर्षं तो पडला, त्याची पाठ दिसली, पाय दिसले, मान लटकलेली दिसली. त्याला एकदा समोरून दिसायचं होतं, कुणाच्या तरी अंगावर हात उगारलेला. "पुढच्या पिच्चरला मिल्या, बुक्की तुझी," असं मास्तर प्रत्येक पिक्चरला म्हणायचा. आणि माझा भाऊ प्रत्येक वेळी ते खरं मानायचा. तो भोळा आहे असं लोक म्हणतात. भोळा नाही. त्याला दुसरं कुणी कधी काही देऊ केलंच नव्हतं.

एक गोष्ट मास्तरच्या बाजूनं सांगायला पाहिजे, नाहीतर मी खोटी ठरेन. पोरगं जिथं पडणार तिथली जमीन तो स्वतः वाकून हातानं चाचपायचा. खडे वेचायचा, काटा असला तर काढायचा. गुडघा दुखत असला तरी करायचा. पडणाऱ्याच्या अंगावर कधी हात टाकला नाही, शिवी दिली नाही. म्हणूनच त्या दिवसाचा मला जास्त राग येतो. त्याला काय करायला पाहिजे ते माहीत होतं.

तलवाड्याला भैयाच्या वडिलांचं नवं मंगल कार्यालय बांधायचं चाललं होतं. अर्धवट बांधकामात शूटिंग ठरलं. या वेळी बुक्की मिलिंदची, असं मास्तरनं चारचौघांत सांगितलं होतं. मिलिंदनं महिनाभर आरशासमोर तयारी केली. गालापासून चार बोटं अलीकडं हात थांबवायचा, पण दिसायला लागल्यासारखं दिसलं पाहिजे. माझ्या दुकानातल्या कापडाच्या ठोकळ्याला तो येताजाता बुक्क्या मारायचा. त्या दिवसासाठी मी त्याला शर्ट शिवला तो पक्क्या टाक्याचा.

सकाळी भैयाचे चुलते आले. त्यांनी मास्तरला बाजूला घेतलं. काय बोलले ते मला लांबून ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरज नव्हती. आमच्या पोराच्या तोंडावर हात कुणाचा पडतोय ते सगळा तालुका बघेल, एवढंच ते असणार. मास्तर परत आला तो थेट मिलिंदकडं न बघता. म्हणाला, बुक्की मारणारा अंगानं थोराड लागतो, शास्त्र आहे, नाहीतर हिरो हलका दिसतो. बुक्की भैयाच्या चुलतभावाला गेली. त्याला ती जमेना. भैयाच्या कानाला लागली, रडारड झाली, बर्फ मागवला.

मिलिंदला मास्तरनं पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून पडायला सांगितलं. खाली जाड गादी होती. पण भैयाला जिन्याच्या चार पायऱ्यांवरून उडी मारायची होती म्हणून गादी तिकडं नेली, आणि गॅलरीखाली खोकी रचली. खोक्यांखाली विटा होत्या. मास्तर त्या दिवशी वाकला नाही. चुलत्यांना खुर्ची, चहा, सावली बघण्यात होता.

मिलिंद पडला. फार सुंदर पडला म्हणे. मग भैयाचं चालणं घेतलं. गॉगल नीट दिसला नाही म्हणून परत घेतलं. मग सूर्य डोळ्यावर आला म्हणून थांबले आणि पुन्हा घेतलं. मी मागं एका खोलीत बाह्या शिवत होते. "मेलेले, उठा" ऐकू आलं, पोरं उठली, कपडे झटकले, चहाकडं निघाली. मिलिंद उठला नाही. कुणीतरी हसलं. मास्तरनं बोट दाखवून इतरांना सांगितलं, "बघा बे, याला म्हणतात मेलेला." आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी दारात आले तेव्हा टाळ्या चालू होत्या. सलीमच पहिल्यांदा धावला. मिलिंद शुद्धीवर होता. खुब्याचं हाड मोडलेलं, आणि तो ओठ दाबून गप्प पडून राहिला होता, कारण हाक आली नव्हती. हाक आली तेव्हा त्याला उठता येत नव्हतं, आणि तोवर त्याच्या तोंडून आवाज निघेना.

दवाखान्यात मास्तरनं डॉक्टरांना सांगितलं, गाडीवरून घसरला. माझ्यासमोर सांगितलं. मी त्याला बाहेर ओढलं. त्यानं हात जोडले, पोलीस केस झाली तर भैयाचं नाव येतं म्हणाला. मग मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. एवढंच लिहिते की तो मान खाली घालून सगळं ऐकत होता, आणि मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाला, "ताई, तुमी शॉट बघितला का? असा पडलेला माणूस मुंबईत न्हाई."

मी आत जाऊन डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. त्याचं पुढं काही झालं नाही. मिलिंदनंच जबाब दिला की गाडीवरून पडलो. मी खाटेजवळ उभी राहून त्याच्यावर ओरडत होते आणि तो मला "अक्का, गप" म्हणत होता. मास्तर पायथ्याशी उभा होता. त्याच्याकडं बघून माझा भाऊ म्हणाला, "पुढच्या येळी बुक्की माझी ना?"

"तुझीच," मास्तर म्हणाला.

तो पिक्चर लोकांनी खूप बघितला. त्यातला गॅलरीचा शॉट तर पोरांनी कापून कापून फिरवला. मिलिंद स्टीलच्या पट्टीसकट घरी आला, एका पायानं लंगडा झाला, रिवाइंडिंगच्या दुकानात तासन् तास उभं राहणं सुटलं आणि माझ्या दुकानात काजं करायला आणि इस्त्रीला बसायला लागला. मोबाईलवर तो शॉट थांबवून थांबवून बघायचा. त्यात त्याचा चेहरा नव्हता.

मास्तरची सद्दी त्यानंतर फार टिकली नाही. भैयाला निवडणुकीचे वेध लागले. त्यानं पुण्याहून ड्रोनवाली पोरं आणली, आणि ती पोरं मास्तरला 'काका' म्हणून बाजूला बसवायला लागली. मग बसायलाही बोलवेनात. पडणारी पोरं पांगली. कुणी पुण्याला कंपनीत गेलं, कुणी रिक्षा घेतली. सलीमला तो बोलवायला आला तेव्हा सलीमनं गाडीखालून डोकं बाहेर न काढताच सांगितलं की मास्तर, आता कंबर धरती. मला त्याची दया आली का? नाही आली. येईल असं वाटलं होतं.

या उन्हाळ्यात तो दुकानात आला. काळा शर्ट, गॉगल, हातात मोबाईलचा स्टँड. त्यानं मला नमस्कार केला नाही. सरळ मिलिंदसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चल मिल्या. तुझी बुक्की."

नवा पिक्चर होता. पैसे कुणाचे नाहीत, कॅमेरा मोबाईलचा, आणि हिरो तो स्वतः. म्हातारा हिरो, गावासाठी परत उभा राहतो, अशी गोष्ट. आजवर कुणी केलेली नाही, असं म्हणाला. मी म्हटलं, याला आता कुठंही न्यायचं नाही. पण मिलिंद इस्त्री बंद करून उठलाच होता. त्यानं केस ओले करून विंचरले. माझ्याकडं बघितलं, तेव्हा मला नाही म्हणवेना.

दुकानाच्या मागच्या मोकळ्या जागेत उन्हं होती. स्टँड उभा राहीना म्हणून मोबाईल मला धरायला दिला. सलीम गॅरेजमधून हात पुसत येऊन भिंतीला टेकला. मास्तरनं गॉगल काढून खिशात ठेवला. गॉगलशिवाय मी त्याला पहिल्यांदा बघत होते. डोळे बारीक होते, पाणावलेले. त्यानं मिलिंदला उभं कसं राहायचं ते सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला, कारण मिलिंद बरोबर उभा होता, सगळं वजन चांगल्या पायावर घेऊन.

मिलिंदनं बुक्की मारली. हात चार बोटं अलीकडं थांबला. मास्तरची मान झटक्यात फिरली, तो एका गुडघ्यावर आला, खाली थुंकला, अंगठ्यानं ओठ पुसला, अंगठ्याकडं बघितलं आणि हसला. काम चांगलं केलं त्यानं, ते नाकारता येणार नाही. पण मी त्याला सोडून मोबाईल मिलिंदकडं वळवला. त्याचा चेहरा मी पूर्ण पडदाभर घेतला. इतका गंभीर आणि इतका देखणा तो मला कधी दिसला नव्हता.

मास्तर कण्हत उठला. पवित्रा घेतला आणि हळू आवाजात म्हणाला, "आता माझा हात येईल. तू मागं पडायचं. खुबा सांभाळून पड, बाबा."

त्यानं हात फिरवला. मूठ मिलिंदच्या गालापाशी येऊन थांबली. मिलिंदनं पापणीसुद्धा हलवली नाही.

"पड ना बे," मास्तर म्हणाला.

मिलिंद उभाच होता. मास्तरनं पुन्हा हात फिरवला, पुन्हा मूठ तिथंच थांबली. खऱ्या माणसाला मारायचं कसं ते त्याला माहीत नव्हतं. जन्मभर समोरचा आपणहून पडत आला होता. तिसऱ्यांदा त्यानं हात उगारला आणि तो तसाच वर राहिला.

"लागलं न्हाई, मास्तर," मिलिंद म्हणाला.

मास्तरनं उगारल्या हातानंच माझ्याकडं बघितलं, मी 'कट' म्हणेन म्हणून. मी म्हटलं नाही.